काढ्याचे पाणी आणि विषारी धातू : प्रकाश व विद्युत यांवर चालणाऱ्या शोधनयंत्रांचा विचार

औषधी द्रव्य घेताना आपण त्याचा देश, काल, संग्रहविधी पाहतो. बाजारातून आलेली गुळवेल मोडून पाहतो, हिरडा पाण्यात टाकून बुडतो की तरंगतो हे तपासतो. त्या द्रव्याच्या सोळापट जे पाणी आपण भांड्यात ओततो, त्याची चौकशी मात्र बहुधा नळाच्या तोटीपाशीच थांबते. पाणी स्वच्छ दिसले, वास आला नाही, चव बरी लागली की आपले समाधान होते. प्रस्तुत लेखात या समाधानाला थोडा धक्का देण्याचा हेतू आहे. शिसे, सोमल (आर्सेनिक), कॅडमियम, पारा व क्रोमियम हे धातू पाण्यातून काढण्यासाठी प्रकाश व विद्युत यांवर चालणारी जी साधने गेल्या तीस-पस्तीस वर्षांत पुढे आली, त्यांचा आपल्या चिकित्सालयास व फार्मसीस किती उपयोग, एवढाच विषय आहे.

शास्त्रातील भूमिका

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या ४५ व्या अध्यायात दूषित जलाचे दोष स्पर्श, रूप, रस, गंध, वीर्य व विपाक असे सहा प्रकारे सांगितले आहेत. यांतील पहिले चार इंद्रियांना कळतात. वीर्य व विपाक यांचे दोष मात्र पाणी प्यायल्यानंतर, शरीरावरील परिणामावरूनच कळतात. विषारी धातूंचे दूषण हे नेमके या शेवटच्या दोन प्रकारांत बसते. लिटरमागे ५० मायक्रोग्रॅम शिसे असलेले पाणी दिसायला, हुंगायला व चाखायला उत्तम पाण्यासारखेच असते.

त्याच अध्यायात शोधनाचे उपायही आहेत. पाणी अग्नीवर उकळणे, उन्हात तापवणे, तापलेला लोखंडाचा गोळा, वाळू किंवा ढेकूळ त्यात विझवणे. गढूळ पाणी निवळण्यासाठी निर्मळीचे बी, शैवालमूळ, कमळाचा कंद, वस्त्र, मोती इत्यादी सात प्रसादने. चरकाचार्यांनी ऋतुचर्येत वर्णिलेले शरद ऋतूतील हंसोदक सर्वांच्या परिचयाचे आहे. दिवसा सूर्याने तापलेले व रात्री चंद्रकिरणांनी निवलेले ते पाणी त्यांनी निर्विष म्हटले आहे.

येथे एक सावधगिरी हवी. या वचनांतून आपल्या आचार्यांना प्रकाश-उत्प्रेरण किंवा विद्युत अपघटन माहीत होते असा अर्थ काढण्याचा मोह काही व्याख्यात्यांना होतो. तशी ओढाताण केल्याने शास्त्राचा मान वाढत नाही. निर्मळीने गाळ बसतो, उन्हाने व अग्नीने जंतू मरतात. हे उपाय ज्या दोषांसाठी सांगितले त्या दोषांवर ते आजही लागू पडतात. विरघळलेल्या शिशासाठी ते सांगितलेले नव्हते. कल्पस्थानातील दूषीविषाचे वर्णन मात्र आजच्या विषयास अगदी जवळचे आहे. अल्प मात्रेमुळे तत्काळ मारत नाही, शरीरात दीर्घकाळ राहते आणि देश, काल, अन्न, दिवास्वाप अशा निमित्तांनी पुन्हा पुन्हा कोपते, असे हे विष आहे. शिसे वर्षानुवर्षे अस्थींत साठते व गरोदरपणी किंवा दीर्घ आजारात पुन्हा रक्तात उतरते, हे आधुनिक निरीक्षण वाचताना दूषीविषाची आठवण न होणारा वैद्य विरळा.

काढ्याचे गणित

पाणी उकळले की ते शुद्ध झाले, ही समजूत जंतूंपुरती खरी आहे. धातूंच्या बाबतीत ती उलटी आहे. उकळताना वाफ होते ती पाण्याची. शिसे व कॅडमियम भांड्यातच राहतात. शारंगधरांनी सांगितल्याप्रमाणे एक पळ द्रव्यास सोळा पळे पाणी घालून अष्टमांश, म्हणजे दोन पळे, काढा उरवला तर त्या दोन पळांत सोळा पळे पाण्यातील धातू आले. पळ ४८ ग्रॅमचे धरल्यास सोळा पळे म्हणजे सुमारे पाऊण लिटर. रुग्णाच्या हातातील छोट्या पेल्यात पाऊण लिटर कच्च्या पाण्याचे धातू असतात. काही अंश चोथ्याला चिकटून राहतो हे खरे. पण तो किती, हे द्रव्यागणिक बदलते आणि त्यावर विसंबता येत नाही.

घनाचे गणित याहून कठीण आहे, आणि फार्मसीधारकांनी ते एकदा स्वतः कागदावर मांडावे अशी विनंती आहे. समजा, १ किलो भरड द्रव्य, १६ लिटर पाणी व शेवटी १५० ग्रॅम घन असा हिशेब आहे. पाण्यात लिटरमागे ५० मायक्रोग्रॅम आर्सेनिक असेल तर एकूण ८०० मायक्रोग्रॅम झाले. १५० ग्रॅम घनात ते विभागले की प्रत्येक ग्रॅमात ५.३ मायक्रोग्रॅम, म्हणजे दशलक्षात ५.३ भाग. आयुर्वेदिक वनौषधींसाठी लागू असलेली मर्यादा आर्सेनिकास दशलक्षात ३ भाग, शिशास १०, कॅडमियमला ०.३ व पाऱ्यास १ अशी आहे. म्हणजे वनस्पती संपूर्ण निर्दोष असूनही केवळ पाण्यामुळे तो घन नापास होईल.

कॅडमियमचे उदाहरण तर अधिक विचार करण्याजोगे आहे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक १०५०० यात कॅडमियमची मर्यादा लिटरमागे ३ मायक्रोग्रॅम आहे. तंतोतंत या मर्यादेवरचे, म्हणजे कायद्याने पिण्यायोग्य असे पाणी वरील प्रमाणात वापरले, तर घनात दशलक्षात ०.३२ भाग कॅडमियम येते. मर्यादा ०.३ आहे! पाणी पास आणि घन नापास. पाणी आठपट घेतले तर हा आकडा निम्म्यावर येईल, परंतु वनस्पतीने मातीतून घेतलेले कॅडमियम त्यात मिळवायचे असतेच. थोडक्यात, पिण्यास योग्य असलेले पाणी घननिर्मितीस योग्य असतेच असे नाही.

या गणिताला आपल्या व्यवसायात एक कटू पार्श्वभूमी आहे. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. त्यानंतर १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनौषधींसाठी जड धातूंची तपासणी सक्तीची झाली. त्या वेळी चर्चा झाली ती रसौषधींची, भस्मांच्या शोधन-मारणाची. ती आवश्यकच होती. परंतु ज्या कल्पात रसद्रव्य मुळीच नाही त्यात धातू कोठून आला, या प्रश्नास माती, यंत्रे, भांडी यांच्याबरोबर पाणी हेही एक उत्तर आहे. रुग्णाच्या रक्तात शिसे वाढलेले आढळले की पहिला संशय वैद्याच्या पुडीवर येतो. आपल्या पाण्याचा तपासणी-अहवाल हाती नसेल तर त्या संशयाचे निराकरण करण्यास आपल्याकडे काहीच नसते.

आमच्या पापडी परिसरात प्रश्न आणखी एका कारणाने गुंतागुंतीचा होतो. वसई-विरार महानगरपालिकेचे पाणी सूर्या, उसगाव व पेल्हार या धरणांतून येते. त्याजोडीला जुन्या वाड्यांतील विहिरी व बावखळे आहेत, इमारतींच्या कूपनलिका आहेत, आणि उन्हाळ्यात टँकर व २० लिटरचे जार. किनाऱ्याकडील कित्येक विहिरींचे पाणी मचूळ लागते. एकाच चिकित्सालयात एका महिन्यात तीन ठिकाणचे पाणी येऊन जाते व त्याची नोंद कोणी ठेवत नाही. पूर्वेस वालीव-सातिवलीच्या औद्योगिक वसाहती आहेत. आपल्याच जिल्ह्यातील तारापूर हे औद्योगिक क्षेत्र केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात देशात सर्वाधिक निर्देशांकाचे ठरले होते. यावरून पापडीच्या विहिरींत विष आहे असे मुळीच सिद्ध होत नाही. मोजल्यावाचून ते नाही असेही सिद्ध होत नाही.

ज्या उपायांनी धातू जात नाहीत

रुग्ण व सहव्यवसायी नेहमी विचारतात ते प्रश्न येथे उरकून घेतो. अतिनील किरणांचा दिवा असलेले यंत्र जंतू मारते, धातूला स्पर्शही करत नाही. क्लोरीन, तुरटी व वस्त्रगाळ यांनी विरघळलेला धातू पुरेसा जात नाही. तुरटीने थोडा कमी होतो, तो भरवशाचा नाही. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेले पाणी जंतूंच्या दृष्टीने सुधारते. शिसे त्यातून जात नाही, उलट तांब्याचा अंश वाढतो. निर्मळी व शेवग्याच्या बियांवर काही धातू चिकटतात असे प्रयोगशाळेत दिसले आहे, परंतु बियांतील सेंद्रिय अंश पाण्यात उतरतो व ते पाणी लवकर खराब होते.

विरघळलेले क्षार दाखवणारे हातातले छोटे मीटर हा मोठा भ्रम आहे. यंत्र विकणारा ते पाण्यात बुडवतो, आकडा ३०० वरून ३० वर आलेला दाखवतो आणि पाणी 'निर्विष' झाल्याचे सांगतो. ते मीटर सर्व क्षारांची मिळून वाहकता मोजते. लिटरमागे ३०० मिलिग्रॅम क्षारांत शिशाचे ०.०५ मिलिग्रॅम म्हणजे सहा हजारांत एक भाग. मीटरच्या आकड्यात तो दिसूच शकत नाही. आकडा ३० आला तरी त्यात शिसे असू शकते व ३०० असला तरी ते नसू शकते.

प्रकाशाने काय साधते

पारदर्शक बाटलीत पाणी भरून सहा तास कडक उन्हात ठेवल्यास जंतू मरतात, ही पद्धत स्वित्झर्लंडमधील ईएडब्ल्यूएजी या जलसंशोधन संस्थेने जगभर पोहोचवली. त्याच संस्थेच्या संशोधकांनी पुढे बांगलादेशातील आर्सेनिकयुक्त पाण्यासाठी एक युक्ती काढली व २००१ मध्ये प्रसिद्ध केली. लोहयुक्त पाण्यात लिंबाच्या रसाचे काही थेंब टाकायचे व बाटली उन्हात ठेवायची. लिंबातील सायट्रिक आम्ल व लोह यांच्या संयुगावर प्रकाश पडला की क्रियाशील घटक निर्माण होतात. ते आर्सेनिकच्या त्रिसंयुजी रूपाचे पंचसंयुजी रूपात ऑक्सिडीकरण करतात. नंतर बाटली उभी ठेवली की लोहाचा तांबूस साका तळाशी बसतो व त्याबरोबर आर्सेनिकही बसते.

हे रूपांतर का आवश्यक, ते समजून घेतले पाहिजे, कारण पुढील सर्व विवेचनाची किल्ली तेथे आहे. त्रिसंयुजी आर्सेनिक सामान्य पाण्यात विद्युतभाररहित असते. ते कशालाही सहज चिकटत नाही आणि अधिक विषारी असते. पंचसंयुजी आर्सेनिकावर भार असतो, म्हणून लोहाच्या साक्यावर त्याचे अधिशोषण होते. लिंबाच्या या प्रयोगात प्रत्यक्ष खेड्यांत सरासरी दोन-तृतीयांश आर्सेनिक गेले. खर्च शून्य, यंत्र नाही, म्हणून हे यश कौतुकास्पद आहे. पण लिटरमागे १५० मायक्रोग्रॅम असलेल्या पाण्यात तरीही ५० उरतात आणि मर्यादा १० ची आहे. पाण्यात मुळातच लोह नसेल तर ही युक्ती चालत नाही.

दुसरा मार्ग टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या भुकटीचा. १९७२ मध्ये फुजिशिमा व होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी या अर्धवाहकाच्या पृष्ठावर प्रकाशाने पाण्याचे विघटन होते असे दाखवले व या शाखेस गती मिळाली. अतिनील किरण पडला की भुकटीच्या कणात एक इलेक्ट्रॉन सुटा होतो व त्याच्या जागी रिकामी पोकळी राहते. इलेक्ट्रॉन क्षपण घडवतो, पोकळी ऑक्सिडीकरण घडवते. मुलामा देणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्यातील घातक षट्संयुजी क्रोमियमचे त्रिसंयुजी क्रोमियम होते, जे तुलनेने सौम्य असते व साका होऊन खाली बसू शकते. आर्सेनिकचे ऑक्सिडीकरणही होते. कॅडमियमवर मात्र हा उपाय प्रायः चालत नाही, कारण त्याचे क्षपण करण्याइतकी ओढ त्या इलेक्ट्रॉनमध्ये नसते. शिवाय सूर्यप्रकाशात अतिनील किरणांचा वाटा सुमारे चार-पाच टक्केच असल्याने उन्हावर हे काम मंद चालते. भुकटीवर विद्युतदाब देऊन इलेक्ट्रॉन व पोकळी परस्परांत विरून जाण्यापूर्वीच अलग करण्याचे, म्हणजे प्रकाश व विद्युत दोन्ही एकत्र वापरण्याचे, प्रयोग अनेक प्रयोगशाळांत चालू आहेत. आपल्या फार्मसीत आणून बसवावे अशा अवस्थेस ते आलेले नाहीत. 'नॅनो' शब्द छापलेले गृहोपयोगी यंत्र कोणी दाखवले तर विशिष्ट धातूचा आधीचा व नंतरचा अहवाल मागावा, म्हणजे संभाषण लवकर संपते.

तिसरा मार्ग सूर्याच्या उष्णतेचा. सौर ऊर्ध्वपातनात पाण्याची वाफ होऊन काचेवर जमते, धातू खाली उरतात. एक चौरस मीटरच्या पेटीतून चांगल्या उन्हात दिवसास तीन ते पाच लिटर पाणी मिळते. चिकित्सालयातील शीतकषाय किंवा अंजन-द्रवांसाठी एवढे पुरेसे आहे, भट्टीसाठी नाही. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाने २०२१ मध्ये एक जेल दाखवले. ते थंड असताना पाणी शोषून घेते व उन्हाने ३३ अंश सेल्सिअसपलीकडे तापले की शुद्ध पाणी सोडते; शिसे जेलमध्येच अडकते. धातू अडवणाऱ्या थरांपैकी एक थर सागरी शैवालापासून काढलेल्या अल्जिनेटचा आहे. शैवालमुळाचे नाव सुश्रुतोक्त प्रसादनांत आहे, हे वाचून मौज वाटली. मौज एवढीच, पुरावा नव्हे.

विद्युतशोधन : बंगालमधील उदाहरण

या विषयात ज्यांचे काम सर्वांत मोलाचे मानले जाते ते डॉ. अशोक गाडगीळ मुंबईत जन्मलेले, मुंबई विद्यापीठाचे पदवीधर आहेत. कानपूरच्या आयआयटीनंतर त्यांनी अमेरिकेतील बर्कले येथे भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली व तेथील लॉरेन्स बर्कले राष्ट्रीय प्रयोगशाळेत काम केले. १९९२-९३ मध्ये बंगालच्या उपसागराभोवती पटकीची नवी साथ पसरली, तेव्हा त्यांनी खेड्यात चालेल असे अतिनील दिव्याचे यंत्र तयार केले. त्यात दिवा पाण्यात न बुडवता पाण्यावर टांगलेला असतो, म्हणून त्यावर कीट धरत नाही, आणि पाणी आपल्याच वजनाने त्याखालून वाहते. मिनिटास सुमारे १५ लिटर पाणी त्यातून निर्जंतुक होते. प्रकाशाने जंतूंचा प्रश्न असा सुटला. धातूंचा सुटला नाही.

बंगालमधील धातूचा प्रश्न एका वैद्यकीय निरीक्षणातून उघड झाला, हे येथे मुद्दाम नमूद करतो. कोलकात्यातील स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे १९८० च्या दशकाच्या प्रारंभी खेड्यांतून काही रुग्ण आले. त्यांच्या त्वचेवर पावसाच्या थेंबांसारखे ठिपके होते, तळहात-तळपाय जाड व खरखरीत झाले होते. हे कुष्ठ नव्हे, आर्सेनिकचा परिणाम आहे व त्याचे मूळ कूपनलिकेच्या पाण्यात आहे, हे त्यांनी ओळखले. तळ्यांतील जंतुमय पाणी टाळण्यासाठी ज्या नलिका खणल्या गेल्या त्यांतूनच हे नैसर्गिक विष वर आले होते. आपल्या राज्याच्या पूर्व सीमेपलीकडे, छत्तीसगडातील राजनांदगाव भागात कौडीकसा येथेही भूजलात नैसर्गिक आर्सेनिक आढळलेले आहे. गडचिरोली-गोंदियाकडील वैद्यांनी म्हणून त्वचेच्या अशा लक्षणांकडे केवळ कुष्ठाधिकाराच्या दृष्टीने पाहू नये.

गाडगीळ व त्यांच्या सहकाऱ्यांनी जी विद्युत पद्धती विकसित केली तिचे तत्त्व सोपे आहे. पाण्यात लोखंडाचे पत्रे समोरासमोर ठेवून मंद दाबाचा एकदिश विद्युतप्रवाह सोडतात. धनाग्रावरील लोखंड हळूहळू विरघळते. एक अँपिअर प्रवाह तासभर सोडला की सुमारे एक ग्रॅम लोह पाण्यात उतरते; म्हणून मात्रा प्रवाहावरून नेमकी ठरवता येते, मोजूनमापून चूर्ण टाकावे लागत नाही. विरघळलेले लोह पाण्यातील प्राणवायूने गंजते. गंजताना जे क्रियाशील घटक क्षणभर निर्माण होतात ते आर्सेनिकला पंचसंयुजी करतात, आणि ताज्या गंजाचे सूक्ष्म कण त्याला आपल्या अंगावर धरतात. मग थोडी तुरटी घालून तो गंज खाली बसवतात व वरचे पाणी काढून घेतात. लिंबाच्या बाटलीत जे ऊन करत होते तेच येथे वीज करते, फक्त लोह बाहेरून पुरवले जाते व काम पूर्ण होते.

कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठाच्या सहकार्याने दक्षिण २४ परगणा जिल्ह्यातील धापधापी येथील शाळेत दिवसाला १०,००० लिटर क्षमतेचे असे संयंत्र २०१६ पासून चालवले गेले. तेथील कच्च्या पाण्यात लिटरमागे सुमारे २५० मायक्रोग्रॅम आर्सेनिक होते. शोधनानंतर ते ५ च्या आत आले. डॉ. गाडगीळ यांना पुढे २०२३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळाले. पत्र्यांवर थर साचून काम मंदावणे हा या पद्धतीचा मुख्य दोष. त्यासाठी ठरावीक काळाने प्रवाहाची दिशा उलटवतात व पत्रे खरवडतात. विजेशिवाय लोखंडाचा उपयोग करणारी पद्धत आपल्या आयआयटी मुंबईतही झाली आहे. प्रा. संजीव चौधरी यांच्या चमूने हातपंपाला जोडायचे, लोखंडी खिळे भरलेले शोधनपात्र तयार केले. खिळे आपोआप गंजतात व तो गंज आर्सेनिक धरतो. जेथे वीज बेभरवशाची तेथे हे अधिक शहाणपणाचे.

इतर धातूंबाबत विद्युतशोधन सारखेच परिणामकारक नाही. शिसे चांगले जाते. षट्संयुजी क्रोमियम उत्तम जाते, कारण विरघळणारे लोह स्वतःच त्याचे क्षपण करते. कॅडमियम व निकेल यांना पाणी अधिक क्षारीय करावे लागते, नाहीतर बराच अंश मागे राहतो.

सच्छिद्र कोळशाच्या दोन पत्र्यांवर सव्वा व्होल्टच्या आसपास दाब देऊन त्यांवर सर्व आयन ओढून घेण्याची पद्धतही बाजारात येऊ लागली आहे. किंचित मचूळ पाण्यास ती बरी. पण ती मीठ आधी धरते आणि अत्यल्प शिसे गर्दीत मागे राहू शकते.

आणि आरओ? विजेच्या पंपाने पाणी पटलातून दाबणारे हे यंत्र आज सर्वत्र आहे. शिसे, कॅडमियम व क्रोमियम त्याने मोठ्या प्रमाणात जातात हे मान्य केले पाहिजे. त्रिसंयुजी आर्सेनिक भाररहित असल्याने पटलातून काही अंशी निसटते. घरगुती यंत्रात एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर वाया जातात. याच कारणाने राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असलेल्या पाण्यास आरओ वापरू नये असे सुचवले होते. तरीही घननिर्मिती करणाऱ्या छोट्या फार्मसीने आज एकच यंत्र घ्यायचे ठरवले तर माझे मत आरओच्या बाजूने आहे, कारण कॅडमियमचे वर मांडलेले गणित त्याशिवाय सुटत नाही. आर्सेनिक किंवा क्रोमियम हाच ज्याचा निश्चित प्रश्न आहे, त्याने लोखंडी पत्र्यांचा विचार करावा. प्रश्न कोणता हे माहीत नसताना दोन्ही घेणे म्हणजे निदानाशिवाय चिकित्सा.

व्यवहारातील काही सूचना

प्रथम तपासणी. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत शिसे, आर्सेनिक, कॅडमियम, पारा, एकूण क्रोमियम व निकेल ही नावे लिहून मागावीत. 'पाणी तपासणी' एवढेच सांगितल्यास बहुधा जंतू, काठिण्य व क्षार यांचाच अहवाल येतो. नमुन्याची बाटली प्रयोगशाळेनेच द्यावी व धातूंसाठी त्यात आम्ल घालावे, अन्यथा धातू बाटलीच्या भिंतीस चिकटून अहवाल खोटा चांगला येतो. नमुने दोन घ्यावेत : रात्रभर न वापरलेल्या तोटीचे सकाळचे पहिले पाणी, आणि पाच मिनिटे वाहू दिल्यानंतरचे. पहिल्यात शिसे अधिक व दुसऱ्यात कमी आढळले तर दोष विहिरीचा नसून इमारतीतील नळ-तोट्यांचा आहे. जुन्या पितळी तोट्या व पीव्हीसी नळातील शिशाचे स्थिरक हे त्याचे नेहमीचे कारण. पीव्हीसीतील या स्थिरकांवर नियंत्रण आणणारे नियम २०२१ मध्ये झाले, त्यापूर्वीचे नळ भिंतीत आहेतच. अशा ठिकाणी हजारो रुपयांचे यंत्र घेण्यापूर्वी शंभर-दोनशे रुपयांची तोटी बदलून पुन्हा नमुना द्यावा. मान्सूनपूर्व व मान्सूनोत्तर अशी वर्षातून दोनदा तपासणी करावी, कारण विहिरीचे पाणी ऋतूप्रमाणे बदलते. प्रत्येक घाण्याच्या नोंदवहीत त्या दिवशीचे पाणी नळाचे, विहिरीचे की टँकरचे, एवढा एक रकाना वाढवावा.

लोखंडी पत्र्यांचे किंवा खिळ्यांचे यंत्र वापरणाऱ्यांसाठी आपल्याच भांडारात एक सोपी परीक्षा आहे. शोधित पाण्यात हिरड्याचा काढा करून पाहावा. हिरड्यातील कषाय द्रव्याचा लोहाशी संयोग झाला की काढा शाईसारखा काळा होतो. असा काळेपणा आल्यास गाळणीतून गंज निसटत आहे असे समजावे, आणि गंज निसटतो तेथे त्याच्या अंगावरील आर्सेनिकही निसटते. काढा नेहमीच्या रंगाचा राहिला म्हणून पाणी निर्विष ठरत नाही, पण काळा झाला तर यंत्र त्याच दिवशी थांबवावे. अर्थात लोखंडी कढईत ही परीक्षा करू नये!

रुग्णाच्या बाबतीत निदानपरिवर्जन ही पहिली चिकित्सा. उदरशूल, मलावष्टंभ, पांडुता व मनगटाची दुर्बलता एकत्र दिसली, हिरड्यांच्या कडेस निळसर रेषा दिसली, किंवा मूल चिडचिडे होऊन अभ्यासात मागे पडू लागले तर रक्तातील शिसे तपासून घ्यावे व घरच्या पाण्याबरोबर जुना रंग, भांडी, कल्हई, सुरमा यांचीही चौकशी करावी. प्रमाण जास्त असल्यास रुग्णालयातील धातुनिर्हरण चिकित्सेस विलंब लावू नये. स्रोत चालू ठेवून केलेले पंचकर्म व्यर्थ जाते.

शेवटी, पाण्यातून काढलेल्या विषाचे काय करायचे हा प्रश्न उरतो. आरओचे वाया जाणारे पाणी मागील अंगणातील अडुळसा, तुळस, गुळवेल यांना घालण्याची पद्धत काटकसरीची वाटते. परंतु त्या पाण्यात धातू मूळ पाण्याहून अधिक दाट असतात आणि कॅडमियम वनस्पती मुळांतून सहज उचलते. तेच अडुळशाचे पान पुन्हा आपल्या भांड्यात येते. ते पाणी फरशी धुण्यास किंवा शौचालयास वापरावे. लोखंडी पत्र्यांच्या यंत्रातील तांबडा गाळ बावखळात, विहिरीकाठी किंवा खतात कदापि टाकू नये. तो वाळवून झाकणबंद पिंपात साठवावा व पुरेसा जमला की घातक कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत केंद्राकडे पाठवावा. आपल्या भागास त्यासाठी तळोजा येथील सामायिक सुविधा आहे. एकट्या छोट्या फार्मसीचा गाळ वर्षाला फार थोडा असतो, म्हणून चार-पाच जणांनी मिळून एकाच नोंदणीखाली तो पाठवण्याची व्यवस्था करणे सोयीचे पडेल.